मुरमाड जमिनीतला मुरलेला प्रयोग

बाटलीवर ‘विनो दा ताव्होला’ असे छापलेले दिसले की इटलीतल्या गिऱ्हाइकाला आणखी काही सांगावे लागत नसे. जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायची आणि कुठल्या बागेची म्हणून चौकशी करायची नाही, अशी ती साधी वाइन. १९६३ साली इटलीने वाइनसाठी कायदा केला आणि दर्जाची एक उतरंड रचून दिली. वरच्या पायरीवर ठरावीक प्रदेशातल्या, ठरावीक वाणांच्या आणि ठरावीक पद्धतीने केलेल्या वाइन्स बसल्या. त्यांना प्रदेशाचे नाव लावण्याचा हक्क मिळाला. ज्या वाइन्स या चौकटीत बसत नव्हत्या त्या सगळ्या तळाच्या पायरीवर, म्हणजे ‘ताव्होला’च्या डब्यात गेल्या. टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या बोल्गेरी या खेड्यात होणारी ‘सास्सिकाइया’ ही वाइनही त्याच डब्यात पडली. तिच्या १९८५ सालच्या वाइनला रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने शंभरपैकी शंभर गुण दिले, तिच्या पेट्या लिलावात चढ्या भावाने जाऊ लागल्या, तरी सरकारदरबारी ती साधी जेवणाची वाइनच राहिली. हा पेच १९९४ साली सुटला, तोही वाइनने कायद्यापुढे मान तुकवल्यामुळे नव्हे. कायद्यालाच वाइनपाशी यावे लागले.

हा किस्सा सहसा गंमत म्हणून सांगितला जातो, पण त्यात एक गंभीर प्रश्न आहे. एखाद्या प्रदेशाचा पदार्थ उत्तम ठरतो तो कशामुळे? फ्रेंच लोकांनी याला एका शब्दात उत्तर दिले आहे: ‘तेरुआ’. माती, ऊन, उतार, वारा आणि पाऊस यांनी मिळून घडवलेला जागेचा गुण. देवगडच्या हापूसची किंवा कोल्हापूरच्या गुळाची ख्याती ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र या कल्पनेला चिकटून दुसरी एक कल्पना हळूच आत शिरते: जागेचा गुण पूर्वजांना केव्हाच सापडलेला आहे, त्यांनी लावलेले वाण आणि त्यांची रीत हेच त्या गुणाचे खरे रूप आहे, आणि पुढच्यांचे काम ते जसेच्या तसे जपण्याचे. बोल्गेरीचा इतिहास या दुसऱ्या कल्पनेच्या विरोधात साक्ष देतो. जागेला गुण असतो हे त्या इतिहासाला मान्य आहे. पण तो गुण शतकानुशतके कुणाच्या लक्षात न येता पडून राहू शकतो, चुकीच्या पिकाखाली झाकला जाऊ शकतो, आणि ज्याला आपण परंपरा म्हणतो ती बहुधा कुणीतरी एकदा केलेल्या आणि नंतर मुरलेल्या प्रयोगाचे नाव असते, असे तो सांगतो.

प्रथम जागा पाहू. बोल्गेरी हे लिव्होर्नो प्रांतातल्या कास्तान्येतो कार्दुच्ची या गावाचा भाग असलेले छोटे वस्तीचे ठिकाण. पश्चिमेला तिर्हेनियन समुद्र, पूर्वेला टेकड्यांची रांग, आणि मध्ये काही किलोमीटर रुंदीचा, समुद्राकडे हलकेच उतरत जाणारा पट्टा. जुन्या हमरस्त्यावरच्या सान ग्विदोच्या प्रार्थनामंदिरापासून गावापर्यंत सुमारे पाच किलोमीटर सरळ रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना सुरूसारख्या उंच सायप्रस वृक्षांची रांग आहे. १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या जोझुए कार्दुच्ची या कवीचे बालपण याच परिसरात गेले. त्याने या वृक्षांवर लिहिलेली कविता इटलीतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी शाळेत पाठ केली. म्हणजे बोल्गेरीला नाव होते, पण ते कवितेमुळे आणि झाडांमुळे, वाइनमुळे नव्हे. हा सगळा किनारा ‘मारेम्मा’ म्हणून ओळखला जाई आणि मारेम्मा म्हटले की लोकांना दलदल आणि हिवताप आठवे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरा याने एकोणिसाव्या शतकात तिथली दलदल हटवण्याचे मोठे काम हाती घेतले, पण हिवताप पुरता हटायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. जमीन लागवडीला आली तेव्हा तीत गहू, ऑलिव्ह, फळे, भाजीपाला आणि गुरे असा संसार सुरू झाला. द्राक्षे होती, पण त्यांच्यापासून होणारी गुलाबी वाइन उन्हाळ्यात गार करून पिण्याच्या लायकीची समजली जाई. टस्कनीची ‘खरी’ लाल वाइन म्हणजे आतल्या डोंगराळ भागातली, किआन्तीची किंवा मोन्ताल्चिनोची. समुद्राकाठी चांगली लाल वाइन होत नाही, हे शहाण्यासुरत्या माणसांचे ठाम मत होते.

हे मत ज्याने तपासून पाहिले तो मारियो इन्चिझा देल्ला रोक्केत्ता इथला नव्हता. १८९९ साली जन्मलेला हा मार्क्विस मूळच्या पिएमाँतच्या घराण्यातला. १९२०च्या दशकात तो पिसा इथे शेतकी शिकला आणि १९३० साली त्याचे क्लारिचे देल्ला गेरार्देस्का हिच्याशी लग्न झाले. गेरार्देस्का हे या किनाऱ्यावरचे फार जुने जमीनदार घराणे. दान्तेच्या नरकवर्णनातला उपाशी मेलेला काउंट उगोलिनो याच घराण्यातला. पत्नीकडून सान ग्विदोची जहागीर मारियोकडे आली. त्याचा मुख्य नाद शर्यतीच्या घोड्यांचा. फेदेरिको तेझिओ या विख्यात पैदासकारासोबत त्याने चालवलेल्या तबेल्यातला ‘रिबो’ हा घोडा सोळा शर्यती धावला आणि सोळाही जिंकला. घोड्यांची पैदास करणाऱ्या माणसाला रक्त आणि भूमी यांचा मेळ बसतो की नाही हे कागदावर ठरत नाही, पिलू वाढवूनच कळते, याची सवय असते. हीच सवय त्याने वेलींच्या बाबतीत वापरली. त्याला फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन्स आवडत. पिसाजवळच्या सालव्हियाती घराण्याच्या बागेत जुन्या काबर्ने वेली होत्या आणि त्यांच्या वाइनमध्ये त्याला बोर्दोची आठवण करून देणारा वास सापडला होता. तिथून कलमे आणून १९४४ साली, युद्ध चालू असताना, त्याने जहागिरीतल्या कास्तिल्योन्चेल्लो या उंचवट्यावर लहानशी बाग लावली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, समुद्राचे वारे लागू नयेत म्हणून त्याने आडोशाची जागा निवडली. ज्या समुद्राला आज बोल्गेरीच्या यशाचे श्रेय दिले जाते, त्याच्यावर खुद्द संस्थापकाचाही प्रथम विश्वास नव्हता.

सुरुवातीची वाइन चाखणाऱ्यांना ती आवडली नाही. हलक्या, ताज्या वाइनची सवय असलेल्या जिभांना ती तुरट आणि राकट लागली. इन्चिझाने ती विकली नाही आणि फेकूनही दिली नाही. तळघरात ठेवून दिली. १९४८ पासून जवळजवळ वीस वर्षे ती फक्त घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी होत राहिली. वर्षे उलटली तशा जुन्या बाटल्या उघडल्या गेल्या आणि त्यांतला तुरटपणा निवून गेलेला आढळला. मग खालच्या भागातल्या, जास्त गोटाळ जमिनीत नव्या बागा लावल्या गेल्या. त्यांतल्या एका दगडगोट्यांच्या पट्ट्याचे नाव वाइनला मिळाले. ‘सास्सो’ म्हणजे दगड. ‘सास्सिकाइया’चे मराठीत गावठाणाला शोभेल असे भाषांतर करायचे तर ‘गोटेवाडी’ म्हणावे लागेल. १९६८च्या हंगामाची वाइन प्रथम बाजारात आली ती मारियोचा भाचा पिएरो आन्तिनोरी याच्या पेढीमार्फत. आन्तिनोरींचा तज्ज्ञ जाकोमो ताकिस याने ती बनवण्याच्या पद्धतीला शिस्त लावली आणि त्यात बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो यांच्या विचारांचा वाटा होता. जुन्या मोठ्या लाकडी पिंपांऐवजी फ्रेंच ओकची सव्वादोनशे लिटरची लहान पिंपे आली. पिंप लहान असले की वाइनच्या मानाने लाकडाचा स्पर्श अधिक होतो, लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी बेताने आत येते, आणि त्या हवेने तुरट द्रव्ये एकमेकांशी जुळून मऊ होत जातात.

आता या वाइनमधले मिश्रण. सास्सिकाइयात सुमारे ८५ टक्के काबर्ने सोव्हिन्यों आणि १५ टक्के काबर्ने फ्राँ असते. शेजारच्या ओर्नेल्लाइयासारख्या वाइन्समध्ये त्यांच्या जोडीला मेर्लो आणि पेती व्हेर्दो येतात. मिश्रण म्हटले की आपल्याकडे भेसळीची शंका येते, पण इथे उलट आहे. काबर्ने सोव्हिन्योंचा मणी लहान आणि साल जाड असते. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून या वाणाची वाइन बांध्याची पक्की आणि वर्षानुवर्षे टिकणारी होते. मात्र तरुणपणी ती मध्येच पोकळ आणि कडक लागते. मेर्लो लवकर पिकतो आणि ती पोकळी आपल्या मऊ, गरदार चवीने भरतो. काबर्ने फ्राँ सुगंध आणि हलका ताजेपणा देतो, तर पेती व्हेर्दो चिमूटभर मसाल्यासारखा रंग आणि धार चढवतो. बोर्दोमध्ये हे मिश्रण जन्मले ते प्रामुख्याने हवामानाच्या भीतीतून. फुलोऱ्यात थंडी पडली तर मेर्लो जातो, काढणीच्या वेळी पाऊस लागला तर काबर्ने कच्चे राहते. म्हणून सगळी भिस्त एकाच वाणावर ठेवायची नाही. बोल्गेरीत ही भीती कमी आहे. टेकड्या थंड वारे अडवतात, समुद्रावरून परावर्तित होणारा उजेड आणि दुपारची झुळूक उन्हाळा सुसह्य करते, आणि बोर्दोत रखडणारा पेती व्हेर्दोदेखील इथे निवांत पिकतो. त्यामुळे इथले मिश्रण विम्याचे काम सोडून रचनेचे काम करते: कुठल्या वाणाने मुरमाड पट्टा घ्यायचा, कुठल्याने चिकणमाती, आणि पेल्यात कुणाचा आवाज किती असावा हे ठरवता येते. कृती तीच, पण ती करण्याचे कारण बदलले. कारण बदलल्यावर चवही बदलली.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. माणसाच्या नजरेचे एवढे कौतुक कशाला, शेवटी यश मुरमाड जमिनीचेच ना? दगडगोट्यांतून पाण्याचा निचरा होतो, वेल खोल मुळे सोडतो, फांदीपाल्याला जोर न जाता मणी लहान आणि सत्त्वदार होतात. बोर्दोच्या उत्तम बागाही अशाच खड्यांच्या जमिनीवर आहेत. हे सगळे खरे आहे. पण हे खडे १९४४ साली आले नाहीत. इट्रस्कन लोक याच किनाऱ्यावर वाइन करत होते, रोमन आले आणि गेले, गेरार्देस्कांनी शेकडो वर्षे इथे कारभार केला. खडे तिथेच होते आणि त्यांच्यावर गुलाबी वाइन पिकत होती. माती आवश्यक होती, पुरेशी नव्हती. याचा दुसरा पुरावा ओर्नेल्लाइयाच्या जागेत मिळतो. लोदोव्हिको आन्तिनोरी याने १९८१ साली ती जागीर उभी केली तेव्हा रशियात जन्मलेला कॅलिफोर्नियाचा जाणकार आन्द्रे चेलिश्चेफ त्याचा सल्लागार होता. तिथल्या एका टेकडीवर निळसर चिकणमाती आहे. काबर्नेला ती मानवली नसती, पण चेलिश्चेफला तीत मेर्लोची जमीन दिसली. निव्वळ मेर्लोची ‘मास्सेतो’ ही वाइन त्या टेकडीतून निघाली आणि आज ती इटलीतल्या सर्वांत महाग वाइन्समध्ये मोडते. म्हणजे बोल्गेरीला ‘एक’ तेरुआ नाहीच. काही किलोमीटरच्या अंतरात खडे, वाळू, चिकणमाती असे तुकडे आहेत आणि कोणत्या तुकड्यात कोणता गुण आहे हे तिथे योग्य वाण लावेपर्यंत सांगता येत नव्हते. नव्वदच्या दशकात प्राध्यापक अत्तिलिओ शिएन्झा यांच्या मार्गदर्शनाखाली या भागाच्या जमिनींची शास्त्रीय पाहणी झाली. आधी वाइन गाजली आणि मग नकाशा झाला, हा क्रमही बोलका आहे.

दुसरा आक्षेप अस्मितेचा आहे. वाण फ्रेंच, पिंपे फ्रेंच, प्रेरणा बोर्दोची. मग यात इटालियन ते काय? टस्कनीचा स्वतःचा वाण सांजोव्हेझे, तो सोडून परक्याची नक्कल करणे म्हणजे परंपरेशी प्रतारणा नव्हे काय? याचे उत्तर शोधायला ज्या परंपरेचे नाव घेतले जाते तिचाच दाखला पाहावा. किआन्तीची हद्द १७१६ साली ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने फर्मान काढून आखली. किआन्तीतल्या मिश्रणाची कृती मात्र त्याहून कितीतरी नंतरची. इटलीचा दोनदा पंतप्रधान झालेला बॅरन बेत्तिनो रिकासोली आपल्या ब्रोल्यो किल्ल्यावर अनेक वर्षे वाण तपासत होता आणि १८७२ साली पिसाच्या एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात त्याने निष्कर्ष कळवला: सांजोव्हेझे सुगंध आणि जोम देतो, कानाइओलो त्याचा कडकपणा उतरवतो, आणि माल्व्हाझिया हा पांढरा वाण फक्त लवकर पिण्याच्या वाइनमध्ये घालावा, मुरवण्याच्या वाइनमध्ये तो नको. हा एका प्रयोगशील जमीनदाराचा ताळा होता. १९६७ साली किआन्तीला कायद्याने दर्जा मिळाला तेव्हा या ताळ्याचा नियम झाला आणि नियम होताना तो बिघडला. पांढरी द्राक्षे दहा ते तीस टक्के घालणे सक्तीचे ठरले, कारण त्रेब्बियानोसारख्या भरघोस पिकणाऱ्या पांढऱ्या वाणाच्या बागा गावोगाव होत्या. रिकासोलीने जी सूट सावधगिरीने दिली होती ती बंधन होऊन बसली आणि किआन्ती पातळ होत गेली.

शिवाय ‘परका’ वाण म्हणताना थोडे जपूनच बोलावे. फ्लॉरेन्सजवळच्या कार्मिन्यानो भागात काबर्नेला शेतकरी ‘उव्हा फ्रान्चेस्का’, म्हणजे फ्रेंच द्राक्ष, म्हणत आले आहेत आणि मेदिची घराण्याच्या काळापासून ते तिथे असल्याचे मानले जाते. इतके जुने पाहुणेपण मग पाहुणेपण राहत नाही. आणि अस्सल टस्कन म्हणवणारा सांजोव्हेझेही जमिनीखाली पाहिला तर अस्सल उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तिथल्या बहुतेक वेली अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या आहेत. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षे उभी करणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यात विशेष वाटणार नाही, कारण डॉगरिजही अमेरिकेचाच. शुद्धतेच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी मात्र हे जरूर लक्षात घ्यावे. नक्कल आणि रुजवण यांत फरक आहे. नक्कल मूळ वस्तूच्या जवळ जाण्यासाठी धडपडते. रुजलेली वेल नव्या मातीची चव घेते. बोल्गेरीच्या काबर्नेत बोर्दोपेक्षा पिकलेल्या फळाची गोडी आणि भूमध्य सागराकाठच्या रानवनस्पतींचा दरवळ अधिक असतो आणि जाणकार डोळे मिटूनही दोन्ही वेगळे काढतात.

या आक्षेपातला एक भाग मात्र मान्यच करायला हवा. सास्सिकाइया आणि १९७१ साली पिएरो आन्तिनोरीने किआन्तीच्या चौकटीबाहेर काढलेली सांजोव्हेझेप्रधान ‘तिन्यानेल्लो’ यांचे यश पाहून टस्कनीत काबर्ने आणि मेर्लो लावण्याची लाट उठली. ‘सुपर टस्कन’ हे बिरुद मिरवत अशा कितीतरी वाइन्स आल्या, ज्या कुठेही झाल्या असत्या: गडद, ओकच्या वासाने दबलेल्या, एकसारख्या. जागा न वाचता केवळ यशाची कृती उचलली की असे होणारच. पण याच बंडाने सांजोव्हेझेचेही भले केले. पांढरी द्राक्षे न घालता, नीट मुरवलेला सांजोव्हेझे किती उंच जाऊ शकतो हे बंडखोर बाटल्यांनी दाखवले, तेव्हा किआन्ती क्लास्सिको प्रदेशाने १९९६ साली शंभर टक्के सांजोव्हेझेला मुभा दिली आणि २००६ पासून पांढरी द्राक्षे हद्दपार केली. परंपरेला वाचवायला परंपरेबाहेरचे लोक लागले.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत अडचणीचा. वीस वर्षे एक बाटलीही न विकता वाट पाहणे कुणाला परवडते? मार्क्विसला. आन्तिनोरींसारखी शतकानुशतकांची पेढी, जगभरची ओळखदेख, समीक्षकांचे गुण, या सगळ्यामुळेच बोल्गेरीचा बोलबाला झाला नाही कशावरून? श्रीमंतीशिवाय हा प्रयोग झाला नसता, हे निखालस खरे आहे. पण श्रीमंतीने फक्त वाट पाहण्याची सोय दिली. उत्तर काय निघेल हे तिने ठरवले नाही. १९७८ साली लंडनमध्ये ‘डिकँटर’ या मासिकाने अनेक देशांतल्या काबर्ने वाइन्सची परीक्षा घेतली, तेव्हा सास्सिकाइयाला जगात फारसे कुणी ओळखत नव्हते. ह्यू जॉन्सनसारखे जाणकार परीक्षक होते आणि १९७२ सालची सास्सिकाइया पहिली आली. आणि बोल्गेरी पुढे फक्त सरदारांची राहिली नाही. १९७७ साली पिएरमारियो मेलेत्ती काव्हाल्लारी हा उत्तरेकडच्या बेर्गामोहून आलेला माणूस ग्रात्तामाक्कोच्या टेकडीवर वसला. एउजेनिओ काम्पोल्मी या स्थानिक कुटुंबातल्या तरुणाने ऐंशीच्या दशकात ‘ले माक्किओले’ची बाग उभी केली. त्याची ‘पालेओ’ ही वाइन मिश्रण म्हणून सुरू झाली आणि पुढे निव्वळ काबर्ने फ्राँची झाली. मार्क्विसच्या मिश्रणात पंधरा टक्क्यांचा सोबती असलेला वाण शेजारच्या शेतकऱ्याच्या हाती नायक ठरला. पैशाने एकट्याने हे घडत नाही. त्यासाठी एकमेकांच्या बागेत डोकावणारे शेजारी लागतात.

मग कायदा नकोच का? हा निष्कर्ष घाईचा होईल. कायद्याचे एक काम निर्विवाद आहे: नाव राखणे. बोल्गेरीला १९८३ साली दर्जा मिळाला तो पांढऱ्या आणि गुलाबी वाइनसाठी. गाव लाल वाइनसाठी गाजत असताना लाल वाइन नियमांत नव्हतीच. १९९४ साली ती चूक दुरुस्त झाली आणि सास्सिकाइयाला स्वतंत्र उपविभाग मिळाला. २०१३ मध्ये ‘बोल्गेरी सास्सिकाइया’ हा स्वतंत्र दर्जाच झाला. एका जहागिरीपुरता दर्जा मिळण्याचा मान इटलीत तिला एकटीला आहे. या नियमांत हद्द कडक आहे. ऑरेलिया हमरस्त्याच्या पश्चिमेची, समुद्रालगतची सपाट जमीन नावाबाहेर ठेवली आहे. तिथे वेली सहज लागल्या असत्या आणि बाटल्यांची संख्या वाढली असती, पण खोलगट ओलसर जमिनीतल्या वाइनने नाव पातळ केले असते. ‘बोल्गेरी रोस्सो’च्या वाणांबाबत मात्र नियम सैल आहेत. दोन्ही काबर्ने आणि मेर्लो कोणत्याही प्रमाणात, अगदी एकेकटेही चालतात. सिरा आणि सांजोव्हेझे निम्म्यापर्यंत. किआन्तीच्या १९६७च्या नियमांशी ही तुलना करावी. तिथे नियमाने पेल्यात काय घालायचे ते सांगितले. इथे कुठे लावायचे ते सांगितले आणि उरलेले करणाऱ्यावर सोडले. नाव जपायचे असेल तर बांध पक्का हवा आणि बांधाच्या आत हात मोकळा हवा, हा धडा तीस वर्षांच्या गोंधळातून मिळाला.

जागा वाचण्याचा असा प्रयोग टस्कनीपुरता नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातला अकलूजचा टापू उसाचा. तिथे ‘फ्रातेल्ली’ या नावाने इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून द्राक्षबागा उभारल्या. किआन्ती भागात काम केलेला पिएरो मासी त्यांचा वाइनतज्ज्ञ झाला. तिथल्या ‘सेत्ते’ या लाल वाइनमध्ये सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण असते, म्हणजे तिन्यानेल्लोच्या गोत्रातले. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. त्यामुळे टस्कनीचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. अकलूजच्या मातीत कोणता गुण दडला आहे याचा निकाल आज देणेही घाईचे ठरेल. १९४८ साली बोल्गेरीबद्दल निकाल देणाऱ्यांनी तीच घाई केली होती.

बोल्गेरीची खरी परीक्षाही अजून व्हायचीच आहे. उन्हाळे तापत चालले आहेत. लवकर पिकणाऱ्या मेर्लोत साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा गळतो. म्हणून अनेक बागायतदारांची नजर उन्हाळा जास्त सोसणाऱ्या काबर्ने फ्राँ आणि पेती व्हेर्दोकडे वळते आहे. ‘बोल्गेरी रोस्सो’ला हे वळण घ्यायला नियम अडवत नाहीत. सास्सिकाइयाच्या नियमांत मात्र किमान ८० टक्के काबर्ने सोव्हिन्यों असे लिहून ठेवले आहे. ज्या वाइनने पाव शतक नियमाबाहेर राहून आपली जागा शोधली, तिने स्वतःची कृती टक्केवारीने कायद्यात नोंदवून घेतली. रिकासोलीच्या पत्राचेही एकदा असेच झाले होते. काबर्नेला ही जमीन पुढेही मानवत राहिली तर तो आकडा परंपरा म्हणून मिरवला जाईल. नाही मानवली, तर सान ग्विदोच्या वारसांना पुन्हा एकदा त्या जुन्या मार्क्विससारखे करावे लागेल: टेकडीवर थोडी कलमे लावायची, होणारी वाइन तळघरात ठेवायची आणि बाटलीवर काय छापायचे याची चिंता पुढच्यांवर सोडायची.